मदत हवी आहे: लॅपटॉपला जीपीएस लावून तोरणमाळला जायचंय, पण माऊस पिसाळलाय

मंडळी, "मोबाईल असताना लॅपटॉप कशाला" हे घरी रोज ऐकतोय. इथे तेवढं नको.

कारण आमचे नाना. रेल्वेत गार्ड होते, भुसावळलाच रिटायर झाले. गाडीत पुढच्या सीटवर तेच बसणार आणि रस्ताही तेच सांगणार, यात बदल होत नाही. पण मोबाईलवरचा नकाशा आता त्यांना दिसत नाही. दोन बोटांनी मोठा केला की गावाचं नाव दिसतं आणि रस्ता स्क्रीनबाहेर जातो. घरात १५ इंची जुना लॅपटॉप पडून आहे (विंडोज १०, ८ जीबी रॅम, एसएसडी टाकलेली). म्हटलं, तोच त्यांच्या मांडीवर द्यावा.

शिवाय गेल्या वर्षीची फजिती. शहाद्याहून म्हसावदपर्यंत सगळं नीट. पुढे रेंज गेली, मोबाईलचा नकाशा पांढराफटक झाला आणि निळा ठिपका त्या पांढऱ्यावर एकटाच चालत राहिला. आम्ही अंदाजाने वळलो ते थेट कुणाच्या तरी कपाशीत. गाडवाट होती, रिव्हर्स घेताना मागचा बंपर बांधाला घासला. शेवटी एका टपरीवर विचारलं तेव्हा तो म्हणाला, "आठे रेंजच नही शे भाऊ. सरळ राणीपूर धरा, मंग घाट लागी."

या वेळी भुसावळ, यावल, चोपडा, शिरपूर, शहादा असं बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्त्याने जायचं आणि म्हसावद-राणीपूरवरून तोरणमाळ. परतताना धडगाव, मोलगी, देवगोई घाट, अक्कलकुवा असा नानांचा हट्ट आहे. तिकडे नेटचा भरवसा धरायचाच नाही असं ठरवलंय.

आतापर्यंत काय केलं ते सांगतो. आधी नुसता लॅपटॉप हॉटस्पॉटवर चालवून पाहिला. आम्ही घरासमोर उभे, आणि लॅपटॉप म्हणतो मुंबई. नाना म्हणाले, "पंजाब मेलनेसुद्धा इतक्या लवकर पोचत नाही." मग यूएसबीचा जीपीएस डोंगल मागवला, आत यूब्लॉक्स ७ चिप आहे. क्यूजीआयएस हा नकाशाचा प्रोग्रॅम टाकला, ओपनस्ट्रीटमॅप या मोफत नकाशाचा डाटा उतरवून घेतला.

आता अडचण. डोंगल लावून लॅपटॉप सुरू केला की माऊसचा बाण आपोआप उड्या मारायला लागतो. कोपऱ्यात जातो, फोल्डर उघडतो, एकदा तर क्यूजीआयएस बंदच करून टाकलं. डोंगल काढला की शांत. दोनदा व्हायरस स्कॅन केलं, काही निघालं नाही. डोंगल खराब आहे का? परत करायला चारच दिवस उरलेत.

दुसरं, गाडीत बसल्यावर डोंगलला जागाच (आपण कुठे आहोत ते) सापडत नाही. गच्चीवर मात्र सापडते. आणि चार्जर ६५ वॅटचा आहे, गाडीत कसा चालवू? मे महिन्यात निघतोय, म्हणजे ऊन काय असेल ते भुसावळकरांना सांगायला नको.

प्रतिसाद, धुळ्याहून

डोंगल अजिबात परत करू नका, तो ठणठणीत आहे. गंमत अशी की हा डोंगल सेकंदाला एकदा मजकुराच्या ओळी पाठवत असतो: वेळ, अक्षांश, रेखांश, किती उपग्रह दिसतात वगैरे. या ओळी कॉम पोर्टवरून, म्हणजे जुन्या पद्धतीच्या सीरियल जोडणीतून येतात. पूर्वीचे माऊसही याच पोर्टला लागायचे. विंडोज सुरू होताना पोर्टवर धडाधड काहीतरी येतंय हे बघून त्याची समजूत होते की माऊसच जोडलाय. मग तुमचे अक्षांश-रेखांश म्हणजे त्याला माऊसच्या हालचाली वाटतात. तुमचं फोल्डर उघडतोय तो उपग्रह आहे म्हणा ना.

डिव्हाइस मॅनेजर उघडा, माऊसच्या यादीत 'मायक्रोसॉफ्ट सीरियल बॉलपॉइंट' दिसेल. त्यावर राइट क्लिक करून डिसेबल करा. अनइन्स्टॉल करू नका, पुढच्या वेळी ते परत उगवतं. बाण पळत असताना हे जमणार नाही, तेव्हा कीबोर्डवरूनच जा. आणि डोंगल दरवेळी त्याच यूएसबी खाचेत लावा, खाच बदलली की कॉम पोर्टचा नंबर बदलतो आणि क्यूजीआयएस जुन्याच नंबरावर वाट पाहत बसतं.

प्रतिसाद, शहाद्याहून

मुंबई का दाखवतं ते सांगतो. बहुतेक लॅपटॉपमध्ये जीपीएसची चिपच नसते. आजूबाजूचे वायफाय आणि नेटचा पत्ता यावरून तो अंदाज बांधतो. हॉटस्पॉटवर फक्त मोबाईल कंपनीचा पत्ता मिळतो, तो बहुधा मोठ्या शहराचा असतो.

गाडीत जागा न सापडण्याचं कारण वेगळं. मोबाईलला उपग्रहांचं वेळापत्रक नेटवरून आधीच मिळतं. डोंगलला ते उपग्रहाकडूनच ऐकावं लागतं. एका उपग्रहाची माहिती ऐकायला साधारण ३० सेकंद लागतात, आणि मध्ये तुटलं की पुन्हा पहिल्यापासून. तुम्ही गाडी सुरू करून लगेच निघत असाल, वर पत्र्याचं छप्पर, डोंगल लॅपटॉपच्या कडेला मांडीच्या उंचीवर. त्याला आकाश दिसणार कुठून? एक-दीड मीटरची यूएसबी एक्स्टेन्शन केबल घ्या, डोंगल डॅशबोर्डवर काचेखाली चिकटवा, आणि निघण्याआधी उघड्यावर पाच मिनिटं थांबा. एकदा जागा धरली की घाटातही सहसा सुटत नाही. काचेला धातूची फिल्म असेल तर मात्र अवघड.

नकाशाचं एक लक्षात ठेवा. ओपनस्ट्रीटमॅपचा डाटा ज्या साइटवरून उतरवतात त्या जिओफॅब्रिकवर भारताचे विभाग केलेले आहेत. महाराष्ट्र पश्चिम विभागात आहे, पण मध्य प्रदेश मध्य विभागात. तोरणमाळला सीमा फार लांब नाही आणि शिरपूरहून एक फाटा चुकलात तर सेंधव्याच्या वाटेला लागाल. दोन्ही विभाग उतरवा.

प्रतिसाद, जळगावहून

चार्जरसाठी १५० वॅटचा कार इन्व्हर्टर पुरे. ६५ वॅट म्हणजे १२ व्होल्टवर साडेपाच अँपिअर, इन्व्हर्टरचा स्वतःचा खर्च धरून साडेसहा-सात. लायटर सॉकेटचा फ्यूज साधारण १० किंवा १५ अँपिअरचा असतो, तो आधी बघा, आणि त्याच सॉकेटवर टायरमध्ये हवा भरायचा पंप लावू नका.

लॅपटॉप डॅशबोर्डवर कधीच ठेवू नका. एअरबॅग उघडली तर तोच तोंडावर येईल. मांडीवर ठेवलात तरी खाली लाकडी पाट द्या, कापडावर ठेवला तर हवेचं छिद्र बंद होतं. गाडी उन्हात उभी करून जेवायला गेलात तर लॅपटॉप सोबत न्या. पोरासारखाच समजा त्याला.

मला विचाराल तर क्यूजीआयएस हा या कामाचा प्रोग्रॅम नव्हे. तो मोजणीवाल्यांचा आहे, "पुढे डावीकडे वळा" असं बोलणार नाही.

धागाकर्ता

बॉलपॉइंट बंद केला. माऊस गप्प! कालपासून एकदाही हलला नाही. दोन दिवस मी व्हायरस शोधत होतो.

केबलही आणली. काल संध्याकाळी गाडी मैदानात उभी केली, तीन-साडेतीन मिनिटांनी डोंगलचा दिवा लुकलुकायला लागला. नाना म्हणाले, "सिग्नल पडला." मग यावल रोडला तापीच्या पुलापर्यंत जाऊन आलो. ठिपका बरोबर रस्त्यावर होता, फक्त पुलावर जरा पाण्यात चालल्यासारखा वाटला. नेट पूर्ण बंद ठेवलं होतं.

आवाजाचं म्हणाल तर नानांनीच नको सांगितलं. "वळण मी सांगेन, मशीन कशाला?" त्यामुळे क्यूजीआयएसच ठेवतोय. रस्ते जाड केले, गावांची नावं मोठ्या अक्षरांत केली. राणीपूर, सातपायरी घाट आणि यशवंत तलाव यांवर लाल खुणा टाकल्यात.

आता एकच राहिलं. दुपारच्या उन्हात स्क्रीनवर काही दिसत नाही, ब्राइटनेस पूर्ण वाढवूनसुद्धा. पुठ्ठ्याचा आडोसा करून पाहिला, तो पहिल्या ब्रेकला नानांच्या चष्म्यावर आला. कुणी यावर काही जुगाड केलाय का? आणि शहाद्याच्या भाऊंना एक विचारायचं होतं: म्हसावदच्या पुढे पेट्रोल मिळतं का, की शहाद्यातच टाकी फुल करून घ्यावी?