कचऱ्याच्या डब्यापलीकडे

कचऱ्याचा डबा गॅरेजात ठेवला की अस्वल फिरकत नाही, असं बरेचजण सांगतात. अर्धंच पटलं. आम्ही उत्तर न्यू जर्सीत, ससेक्स काउंटीत राहतो, मागे सगळं रानच. इथल्या काळ्या अस्वलांना बर्ड फीडरमधल्या (पक्ष्यांसाठी टांगलेल्या दाण्याच्या डब्यातल्या) सूर्यफुलाच्या बियांचं भारी वेड. शेजाऱ्यांकडे एकाने मागच्या पायांवर उभं राहून फीडरचा लोखंडी दांडा वाकवला, मग फतकल मारून फीडर पंजांत धरला आणि आरामात जिभेने दाणे टिपत बसलं. घाई म्हणून नाही! हिवाळ्याच्या झोपेआधी ती दिवसाला २०,००० कॅलरीपर्यंत खातात, त्यात तेलबिया म्हणजे मेजवानीच. म्हणून आमच्याकडे फीडर फक्त डिसेंबर ते मार्च. मांस भाजायच्या ग्रिलखालचा चरबीचा ट्रेही धुवून आत ठेवतो. अस्वलांना मुद्दाम खाऊ घालायला तर या राज्यात कायद्यानेच बंदी आहे, हजार डॉलरपर्यंत दंड होतो.

आणि अस्वल समोर आलं तर 'मेल्याचं सोंग घ्या' असं जे सांगतात, ते काळ्या अस्वलासमोर अजिबात करू नका. पळायचंही नाही. हात वर करून मोठ्याने बोलत हळूहळू मागे सरायचं. पिल्लं असली तर आई आणि पिल्लांच्या मध्ये येऊ नका, त्यांची वाट मोकळी ठेवा.