मदत हवी: ऑर्केस्ट्राच्या तारखांसाठी कुठलं अ‍ॅप?

नमस्कार मंडळी. आमचा आठ जणांचा ऑर्केस्ट्रा आहे, लग्नं आणि गणेशोत्सवाचे कार्यक्रम करतो. पूर्णवेळ कुणीच नाही. ढोलकीवाले आणि ऑक्टोपॅडवाला इतर पार्ट्यांतही (वादकांच्या दुसऱ्या ग्रुपांत) वाजवतात, त्यामुळे तारखा भिडतात.

सध्या सगळं व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर चालतं. पोल टाकून पाहिला, पण त्यात बाराच पर्याय बसतात आणि चार दिवसांत तो गुड मॉर्निंगच्या ढिगाखाली जातो. गूगल शीटही केली. मोबाइलवर ती भरायला कुणी तयार नाही. (गायक मंडळी तर उघडतही नाहीत.)

मुख्य अडचण अशी की चौकशी आलेली तारीख आणि बयाणा मिळालेली तारीख वेगळी दिसायला हवी. बयाणा येईपर्यंत तारीख धरून ठेवावी लागते, आणि तेवढ्यात वादक दुसरीकडे शब्द देऊन बसतो. शिवाय कोण कुठल्या पार्टीत वाजवतोय हे इतरांना दिसू नये, फक्त मोकळा की बिझी एवढंच कळावं. गूगल कॅलेंडरमध्ये तसं शेअर करता येतं, पण मग प्रत्येकाने आपलं कॅलेंडर नीट भरायला हवं, तिथेच गाडी अडते.

फोन बहुतेक अँड्रॉइड, एक आयफोन. ढोलकीवाल्या काकांकडे साधा फोन आहे, त्यांचं मी भरीन. फुकट असेल तर उत्तम, महिना दोनशेपर्यंत चालेल. गाण्यांची यादी, हिशेब वगैरे नको.

टाइमट्री हे शेअर्ड कॅलेंडरचं अ‍ॅप कुणी अशा कामासाठी वापरलंय का? त्यात कच्ची (नुसती चौकशी) आणि पक्की (बयाणा मिळालेली) सुपारी वेगळी कशी दाखवता? की गूगल कॅलेंडरलाच चिकटून राहू?