मदत हवी आहे : आईच्या पडवीला जाळी मारू की काचा बसवू?

नमस्कार मंडळी. आमचं घर खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या बाजूला. मागं पश्चिमेला उघडी पडवी, वर मंगलोरी कौलं. गुडघ्यांमुळं आईचं बाहेर जाणं थांबलंय, तिचा सगळा दिवस तिथंच जातो. म्हणून ती जागा नीट बंदिस्त करून द्यायची आहे.

गवंडी म्हणतो, स्टीलची मच्छरजाळी मारा, वारा खेळता राहील, खर्चही कमी. पण आमच्याकडचा पाऊस तुम्हाला माहीत आहे. जून ते सप्टेंबर घाटावरून आडवा येतो, जाळीतून तुषार थेट खाटेपर्यंत. ताडपत्री सोडली तर दिवसा अंधार, आणि आईला तर उजेडच हवा.

बेळगावचा फॅब्रिकेशनवाला पूर्ण काचेची खोली सुचवतो. पावसाला आणि डिसेंबरच्या थंडीला ती उत्तमच. मार्च-एप्रिलचं काय? पश्चिमेचं ऊन काचेतून आत आलं की उष्णता कोंडते, दुपारी तिथं बसवणार नाही. डास तर कौलांच्या फटीतूनही येतात, म्हणजे जाळी असो की काच, आतून छत करणं आलंच.

माझा कल मधल्या वाटेकडं आहे : खाली तीन फूट भिंत, वर जाळी आणि काच दोन्ही, वळचण दोन फूट पुढं. पण दोन काचा आणि एक जाळी अशी तीन ट्रॅकची सरकती खिडकी घेतली तर वाऱ्याला निम्मीच जागा मिळते. दारासारख्या बाहेर उघडणाऱ्या काचा आपल्या पावसाळी वाऱ्यात टिकतात का? खानापूर, चंदगड, आंबोली भागात कुणी बसवल्या असतील तर कृपया सांगा. चौकटीला ॲल्युमिनियम घेतलं की यूपीव्हीसी (कडक प्लास्टिक), तेही लिहा. मिरगाआधी काम उरकायचं आहे.