'केरबा' हे नाव कागदावरनं काढायचं का ठेवायचं?

पंचगंगेकाठचा मास्तर

करवीर तालुक्यातल्या एका मराठी शाळेत पहिलीचे प्रवेश मी बघतो. गेल्या आठवड्यात एक पालक आले. अर्जात वडिलांच्या रकान्यात 'करण' लिहिलेलं आणि मुलाच्या जन्मदाखल्यावर वडिलांचं नाव 'केरबा'. विचारलं तर माणूस खालच्या आवाजात म्हणाला, "सर, तेवढं केरबा नका घालू. पोराला चिडवतील. मला लई चिडवलंय."

त्यांची आई दाराशी बाकावर बसली होती. ती उठून टेबलाजवळ आली. "ह्याच्या आधी दोन गेली माझी. एक सव्वा महिन्याचं, एक रांगाय लागल्यालं. हा झाला तवा सासूनं सुपात घालून केरावर ठेवला. शेजारणीनं उचलला आन मी पसाभर जोंधळं देऊन तिच्याकडनं इकत घेतला." मग तिनं लेकाच्या नाकाकडं बोट केलं. उजव्या नाकपुडीवर टोचल्याची बारीक खूण अजून आहे. ही टाकलेली वस्तू आहे असं वाटून नजर लागू नये, सटवाईनं वळूनही बघू नये, म्हणून नाव केरबा.

दगडू, धोंडीराम, भिकू, कचरू, उकिर्डा ही सगळी याच घराण्यातली नावं. पाळणे रिकामे होत होते आणि आयांच्या हातात दुसरं काही नव्हतं, तेव्हाची ही औषधं आहेत. माझं स्पष्ट मत आहे की असली नावं बदलू नयेत. त्या बाईसमोर 'केरबा' खोडायला माझा हात उचलला नाही. तुमचं काय म्हणणं?

गडहिंग्लजचा धोंडीराम, मुक्काम पुणे

सर, तुमच्याबद्दल आदर ठेवून बोलतो, पण हे सांगणं सोपं आहे, कारण तुमचं नाव केरबा नाही.

माझं खरंच धोंडीराम आहे. गावात कुणी हसलं नाही. पुण्यात पहिल्या नोकरीत हजेरी घेताना नाव पुकारलं की मागनं हसू यायचं. मुलगी बघायला गेलो तर तिच्या भावानं दोनदा विचारलं, "हे कागदावरचंच नाव का?" आईची माया मला मान्य आहे, तिच्या पायावर डोकं ठेवीन. पण ते औषध होतं म्हणता ना? मग आजार बरा झाल्यावर ते जन्मभर घ्यायचं का? ज्याचं नाव त्यानं ठरवावं.

आणि नाव बदलणं हे पाप असतं तर कोल्हापूरनं काय करायचं? शाहू महाराज २६ जून १८७४ ला घाटग्यांच्या घरात जन्मले तेव्हा यशवंतराव होते. १७ मार्च १८८४ ला दत्तक आले आणि शाहू झाले. आज यशवंतराव म्हटलं तर किती जणांना कळेल?

पंचगंगेकाठचा मास्तर

धोंडीरामराव, महाराजांचं नाव दत्तकविधानात बदललं, गादीबरोबर आलं. लाज वाटली म्हणून टाकलेलं नव्हतं. मला खुपतं ते लाज वाटणं. हसणाऱ्याला सोडून नावालाच शिक्षा का?

खासबागेचा मातीवाला

मास्तरांच्या बाजूनं. आकाराम, सर्जेराव, हिंदुराव, कृष्णात, गुंडू ही नावं आमच्या तालमीत रोज कानावर पडतात. मुंबईचा पाहुणा आला की त्याला ती वेगळी वाटतात, आम्हाला नाही. खाशाबा हे नाव तरी काय शहरी होतं का? गोळेश्वरचा हा पोरगा इथं राजाराम कॉलेजात शिकला, इथल्या मातीत घुमला, आणि १९५२ ला हेलसिंकीच्या ऑलिंपिकहून स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक घेऊन आला. कऱ्हाडला बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. तेव्हा कुणी म्हणालं का, नाव जरा बरं ठेवायचं होतं? माणूस कर्तृत्वानं उभा राहिला की नाव त्याच्या मागनं मोठं होतं.

धोंडीराम

प्रत्येक केरबानं ऑलिंपिकचं पदक आणायचं आणि मगच त्याला मान मिळायचा का, दादा? साध्या माणसानं काय करायचं?

महा ई-सेवावाला, शिरोली नाका

तत्त्वाचं तुम्ही बघा, मी कागदाचं सांगतो. असली प्रकरणं माझ्याकडं रोज येतात. आधारवर करण, सातबाऱ्यावर केरबा, शाळा सोडल्याच्या दाखल्यावर केरबा, बँकेत के. बी. उद्या वडिलार्जित जमिनीची वारसनोंद करायची वेळ आली की तलाठी विचारणार, करण आणि केरबा एकच कशावरून? नाव बदलायचं तर आधी राजपत्रात जाहिरात द्या आणि मग एकेक कागद मागं लागून बदलून घ्या. फक्त पोराच्या अर्जात करण लिहून भागत नाही. उलट पोराच्याच कागदात कायमची गाठ बसते. मास्तरांनी खोडलं नाही ते बरंच केलं.

बाळाचंही सांगून ठेवतो. जन्म २१ दिवसांत नोंदवायचा. नाव ठरलं नसेल तर ते नंतर घालता येतं, वर्षाच्या आत फुकट आणि पुढं १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. त्यामुळं घाईत कसलंही नाव देऊ नका.

रंकाळ्यावरची आत्या

घाईचं राहू दे, हौसेचं बोला. आमच्या कॉलनीत तीन रेयांश आणि दोन कियान आहेत. अर्थ विचारला की आईबाप मोबाइल काढतात. २०२० मध्ये रायपूरला जुळ्यांची नावं कोविड आणि कोरोना ठेवली होती, पेपरात आलं होतं. बारशाला बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा, पण हल्ली नाव आधीच छापून आलेलं असतं, आम्ही फक्त 'कुर्रर्र' करायचं. त्यापेक्षा केरबा शंभरपट बरा. त्यात निदान कुणाचा तरी जीव गुंतलाय.

दोन महिन्यांची आई, राजारामपुरी

आत्या, अर्थ नाही म्हणून माया नाही असं कसं? आम्ही नऊ महिने रात्री वहीत नावं लिहून खोडत होतो. आमच्या आयांना सुपात घालून जीव वाचवावा लागला, आम्हाला लस मिळते. त्यामुळं आम्हाला नुसतं कानाला गोड लागणारं नाव निवडता येतं. हे मला आमचं भाग्य वाटतं, त्यात कमीपणा वाटत नाही.

शाहूवाडीची सून

इतका वेळ वाचत होते. आता लिहिल्याशिवाय राहवत नाही.

माझं माहेर सातारा जिल्ह्यात. मी चौथी मुलगी. माझं नाव नकुसा.

मास्तर, तुमच्या यादीत दगडू आहे, धोंडीराम आहे, केरबा आहे. सगळे मुलगे. ते जगावेत म्हणून त्यांना वाईट नाव दिलं. मला वाईट नाव दिलं ते पुढची मुलगी होऊ नये म्हणून. दोन्ही नावं एका पारड्यात टाकू नका. केरबाला कुणी पसाभर जोंधळे देऊन विकत घेतलं. मला घ्यायला कुणी हात पुढं केला नव्हता. शाळेत बाई हजेरीला "नकुसा" म्हणायच्या आणि मी "हजर" म्हणायचे.

२०११ मध्ये सातारा जिल्हा परिषदेनं समारंभ करून २८५ मुलींची नावं बदलली. मी त्यात नव्हते. गावात कुणी यादी करायला आलं तेव्हा वडील म्हणाले, आमच्यात तसलं कुणी नाही. आणि कोल्हापूरनंही साताऱ्याकडं बोट दाखवू नये. २००१ च्या जनगणनेत कोल्हापूर जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागं ८३९ मुली होत्या. आमच्याकडं नाव ठेवून सांगितलं, इथं तर नाव ठेवायची वेळच येऊ दिली नाही.

मला लेक झाली २०२४ च्या ऑगस्टमध्ये. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदावर बापाच्या आधी आईचं नाव येतं. चांगला नियम आहे. पण नोंदीचा फॉर्म समोर आला तेव्हा दिसलं की माझ्या लेकीच्या नावाला चिकटून आयुष्यभर 'नकुसा' येणार. त्या दिवशी मालकांना म्हटलं, आधी माझं बदला. राजपत्रात नाव आलं तो कागद मी देव्हाऱ्यात ठेवलाय.

पंचगंगेकाठचा मास्तर

ताई, वर मी "असली नावं बदलू नयेत" असं सरसकट लिहिलं, ते चुकलं. तुमचं नाव माझ्या डोळ्यापुढं आलंच नाही, आणि मी शाळेत काम करतो, यायला हवं होतं. नकुसा बदललंच पाहिजे, आणि त्यासाठी बाईनं हेलपाटे घालू नयेत, शाळेनं आणि पंचायतीनं दारात यावं.

केरबाबद्दल मात्र मी अजून तिथंच आहे. ते नाव त्या आईनं कमावलंय.

धोंडीराम

आईनं कमावलं, पण वागवतोय मुलगा. ताईंनी स्वतःचं स्वतः ठरवलं, तसंच केरबालाही ठरवू द्या. मी माझं बदललेलं नाही, बदलणारही नाही. पण माझ्या जागी दुसरा असेल तर त्याला तुम्ही माया दाखवून अडवू नका.

पंचगंगेकाठचा मास्तर

अडवत नाही. सोमवारी ते परत येणार आहेत. ई-सेवावाल्यांनी सांगितलेली राजपत्राची वाट त्यांना सांगतो. तोवर अर्जात जन्मदाखल्यावर आहे तेच जाईल. आईला सोबत आणा म्हणालोय.

शाहूवाडीची सून

आणा नक्की. माझी आई अजून मला फोनवर 'नकू' म्हणते. नवीन नाव तिच्या तोंडात बसत नाही. दोन वेळा रागावले, ती रडली. आता पुढचा फोन आला की तिला विचारणार आहे, मी झाले तेव्हा तिच्या मनात कुठलं नाव होतं.