एन्क्रिप्शनला कूट म्हणावं की कुलूप?

खानापूरकर : कॉलेजातल्या कार्यशाळेसाठी टिपण मराठीत करतोय. विषय, फोटो आणि आवाजाच्या फायली एन्क्रिप्ट करायच्या सुधारलेल्या पद्धती. एन्कोडिंग आणि एन्क्रिप्शन, दोन्हीला 'सांकेतिकीकरण' लिहून बसलो. वाचून एकानं विचारलं, "म्हणजे भजनाची कॅसेट एमपीथ्री केली की सुरक्षित झाली काय?" कुठली! एमपीथ्री कुणीही वाजवतो. एन्क्रिप्ट केलेली फाइल किल्लीशिवाय उलगडत नाही. वेगळे शब्द सुचवा.

टिळकवाडीचे काका : 'कूटबद्ध करणे'. कूटप्रश्नातलं कूट.

शहापूरची सून : मला दाण्याचं कूटच दिसतं हो.

निपाणीकर : मग ते हॅशिंग झालं की! कुटलेल्याचे परत शेंगदाणे होतात काय? एन्क्रिप्शनमध्ये मूळ फाइल परत मिळाली पाहिजे.

टिळकवाडीचे काका : स्वयंपाकघर बाजूला ठेवा. महानुभावांनी पोथ्या सकळ या सांकेतिक लिपीत लिहिल्या, करपल्लवीत लोक बोटांनी निरोप द्यायचे. एवढी परंपरा असताना उसना शब्द कशास?

खानापूरकर : काका, सकळ लिपीचं बरं काढलंत. एका अक्षराला कायम एकच चिन्ह, म्हणून चिकाटीनं बसलं की उलगडते. माझ्या टिपणातलं दुखणं हेच आहे. एईएस ही एन्क्रिप्शनची २००१ पासूनची अमेरिकी प्रमाण पद्धत, ती फाइलचे १६-१६ बाइटचे तुकडे घेते. तिच्या ईसीबी प्रकारात सारख्या तुकड्याचं उत्तर दरवेळी सारखंच. आमच्या मंडळाचं बोधचिन्ह, पांढऱ्यावर काळं, बीएमपी फाइल, तसं करून बघितलं. रंग पार विस्कटले, पण मंडळाचं नाव वाचता येत होतं! ध्वनिमुद्रणातली अगदी निःशब्द जागाही अशीच उघडी पडते. तिच्याच जीसीएम प्रकारात प्रत्येक वेळी नवा 'नॉन्स', म्हणजे एकदाच वापरायचा आकडा, आणि तुकड्यागणिक वाढणारा आकडा मिसळतात, त्यामुळे सारखे तुकडेही वेगळे निघतात. शिवाय कुणी फाइलमध्ये हात घातला तर कळतं. तर नॉन्सला काय म्हणू?

निपाणीकर : आमच्या दुकानात सगळ्याला 'लॉक केलं' म्हणतात. एन्क्रिप्शनला कुलूपच म्हणा.

टिळकवाडीचे काका : लॉक मोबाइलच्या पडद्यालाही असतं. दार बंद, आत सामान जसंच्या तसं. इथं सामानच ओळखू येत नाही.

शहापूरची सून : कुलुपावरून आठवलं. लग्न होऊन आले तेव्हा शेजारच्या अक्का म्हणाल्या, "कीली हाक्री." मी अर्धा तास किल्ली शोधतेय! इथल्या बेळगावकडच्या कन्नडात कीली म्हणजे कुलूप, हाक्री म्हणजे घाला, आणि किल्लीला कीलीकै.

निपाणीकर : म्हणजे 'किल्ली' आपण त्यांच्याकडनं घेतली?

टिळकवाडीचे काका : उलटंही असेल. तुम्हा लोकांना सगळं कन्नडातनंच आलेलं दिसतं.

निपाणीकर : 'तुम्हा लोकांना' म्हणजे कुणाला?

खानापूरकर : अहो, नॉन्स राहिला. टिपण उद्या छापायला जातंय.

शहापूरची सून : काका, पण कुलूप तरी मराठी आहे का? ते अरबी 'कुफ्ल'वरनं आलंय म्हणतात.