ॲस्बेस्टॉसचा कॅन्सर: पुरावा कामगारानंच का द्यायचा?

सड्यावरचा:
माझे मामा वास्कोला जहाजदुरुस्तीत पंचवीस वर्षं होते. ठेकेदार बदलत, काम तेच. बॉयलरच्या पायपांवरचं जुनं लॅगिंग, म्हणजे उष्णता अडवणारं ॲस्बेस्टॉसचं आवरण, हातानं ओरबाडायचं आणि गोणींत भरायचं. घरी येत तेव्हा भुवयासुद्धा पांढऱ्या. मामी शर्ट अंगणात आपटायची, मग धुवायची. गेल्या वर्षी छातीत पाणी झालं. आधी टीबीची औषधं चालली, मग तुकडा तपासला तेव्हा कळलं, मेसोथेलिओमा, फुप्फुसाच्या आवरणाचा कॅन्सर. भरपाईचं विचारायला गेलो तर म्हणाले, मस्टर आणा. शेवटचा ठेकेदार वारला, मस्टर वाळवीनं खाल्लं. माझं मत: हा आजार निघाला आणि सोबतच्या दोघांनी कामाबद्दल सांगितलं, तर तो धंद्याचाच आजार धरावा. नाही म्हणायचं असेल तर मालकानं सिद्ध करावं.

वेर्णा बी शिफ्ट:
कायदा तेच तर सांगतो, दादा. सामाजिक सुरक्षा संहितेच्या (नोव्हेंबर २०२५पर्यंत १९२३चा भरपाई कायदा होता) तिसऱ्या परिशिष्टात ॲस्बेस्टॉसमुळे होणारा फुप्फुसाचा कॅन्सर आणि मेसोथेलिओमा दोन्ही आहेत. ईएसआयच्या, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याच्या यादीतही आहेत. सहा महिने सलग नोकरी झाली असेल तर आजार कामामुळेच आला असं गृहीत धरतात, उलट सिद्ध करायचं ते मालकानं. नवं काय मागताय?

सड्यावरचा:
पुढची ओळ वाचा की. ते सहा महिने एकाच मालकाकडचे, दुसरीकडे तेच काम केलं असेल तर ते मोजत नाहीत. दर पावसाळ्यानंतर ठेकेदार बदलणाऱ्यानं काय करायचं? आणि नोकरी सुटल्यापासून दोन वर्षांत लक्षणं दिसली तर ठीक. हा आजार वर यायला वीस ते चाळीस वर्षं घेतो! यादीत नाव घातलं आणि दाराला कुलूप लावलं, असं झालं.

वेर्णा बी शिफ्ट:
दाव्याची मुदत उलटली तरी सबळ कारण असेल तर सक्षम अधिकारी अर्ज ऐकू शकतात. सगळंच अंधारात नाही.

पत्रेवाला:
मी छोटा ठेकेदार. चार पोरं घेऊन ॲस्बेस्टॉस-सिमेंटचे पत्रे घालतो. उद्या कोणी येऊन म्हणेल, २००४ साली तुझ्याकडे आठ महिने होतो, दे पैसे. त्याआधी तो बोटीवर बॉयलरचा फायरमन होता, त्याचं काय? वर रोज एक बंडल विडी. सगळं माझ्याच माथी?

गोमेकॉची सिस्टर:
पात्राव, विडीचा मुद्दा फुप्फुसाच्या कॅन्सरला लागू. तिथंही विडी आणि ॲस्बेस्टॉस एकत्र आले की धोका गुणाकारानं वाढतो, म्हणजे मालक सुटला असं नाही. मेसोथेलिओमाचा विडीशी संबंध नाही. इंग्लंडात हा आजार कामातून आला की तपासण्यांचे हेलपाटे न घालता थेट शंभर टक्के अपंगत्व धरतात. आपल्याकडे केसपेपरवर नुसतं 'कॅन्सर' लिहितात, आधी कुठं काम करत होता हे कोणी विचारतच नाही. मीही कित्येकदा विचारलेलं नाही, खोटं कशाला बोलू.

पत्रेवाला:
मान्य. मग पत्रे बनवणाऱ्या कारखान्यांकडून फंड काढा. त्यांनी कमावलं, त्यांनी भरावं. साखळीतल्या शेवटच्या माणसाला धरू नका.

वेर्णा बी शिफ्ट:
फंडाला माझाही पाठिंबा. पण सोबतच्या दोघांच्या सांगण्यावर नको, उद्या प्रत्येक पंचायतीत साक्षीदार भाड्यानं मिळतील. वैद्यकीय बोर्ड हवंच.

सड्यावरचा:
बोर्ड असू दे, त्याला माझी ना नाही. पण कागद मामांकडेच का मागता? १९९५ला सुप्रीम कोर्टानं ॲस्बेस्टॉस उद्योगाला सांगितलं होतं की कामगाराच्या आरोग्याची नोंद कामाला लागल्यापासून ४० वर्षं किंवा सुटल्यावर १५ वर्षं, जे उशिरा येईल तोवर ठेवा. जहाजाच्या पोटात कोणी ठेवली? आणि फंड येईपर्यंत मामा थांबणार नाहीत. डॉक्टरांनी वर्षभराचं सांगितलंय.

गोमेकॉची सिस्टर:
एक विचारते. शर्ट मामी आपटायची म्हणालात. तिला घेऊन कधी एक्स-रे काढलाय?

सड्यावरचा:
नाही. तिचं नाव तर कुठल्याच मस्टरवर नव्हतं. सोमवारी आणतो.