शब्दचर्चा : ‘अक्षम’ रकाना आणि ‘केवळ वाचनीय’ रकाना

प्रश्न
नागपुरातल्या एका वसतिगृहाचा ऑनलाइन प्रवेशअर्ज मराठीत आणून राहिली आहे. शब्दांच्या यादीत डिसेबल्डसाठी ‘अक्षम’ आणि रीडओन्लीसाठी ‘केवळ वाचनीय’ दिलंय. दोन्ही खटकतात. अर्जात नोंदणी क्रमांक आधीच भरून येतो, तो बदलता येत नाही; हा रीडओन्ली. जिल्हा निवडेपर्यंत तालुक्यांची यादी करडी राहते; ही डिसेबल्ड. दोन्हीकडे हात लावता येत नाही, तर दोन्हींना ‘बंद रकाना’च म्हणू का?

उत्तर
नाही ताई, एकच शब्द नका ठेवू. अर्ज पाठवल्यावर काय होतं ते पाहा. डिसेबल्ड रकान्यातली माहिती ब्राउझर पाठवतच नाही. टॅब दाबत गेलं तर कर्सर तिथं थांबतही नाही. रीडओन्लीत कर्सर जातो, मजकूर निवडून कॉपी करता येतो आणि तो अर्जासोबत पुढे जातो. नोंदणी क्रमांकाचा रकाना कोणी ‘बंद’ समजून डिसेबल्ड केला, तर पोराला क्रमांक पडद्यावर ठळक दिसेल, आणि वसतिगृहाच्या कार्यालयात उघडलेल्या अर्जात ती जागा कोरी निघेल. पोराला याचा पत्ताही लागणार नाही. प्रोग्रामर तुमचीच यादी समोर ठेवून काम करणार, म्हणून फरक यादीतच दिसायला हवा.

उत्तर
‘अक्षम’ म्हणजे ज्याच्या अंगी कुवत नाही तो. रकान्याची कुवत कुठं गेली? तो कोणीतरी बंद ठेवलाय आणि जिल्हा निवडला की उघडणार आहे. तेव्हा डिसेबल्डला ‘बंद’च. दुकान बंद, नळ बंद, रस्ता बंद. सीताबर्डीच्या बाजारातल्या पाट्यांवर रोज वाचतो तोच शब्द.
‘वाचनीय’चं दुखणं वेगळं. वाचनीय दिवाळी अंक म्हणजे वाचावासा वाटणारा अंक. नोंदणी क्रमांकाचं असं कौतुक कशाला? ‘वाचण्यापुरता’ म्हणा. ‘पुरता’ मर्यादा सांगतो, आणि इथं सांगायची तेवढीच गोष्ट आहे. आणि हो, ‘क्षेत्र’ न म्हणता ‘रकाना’ म्हटलंत ते फार बरं केलं.

प्रश्न
पटलं. पण मग तालुका तरी काहून बंद ठेवायचा? तोही वाचण्यापुरताच करा न भाऊ.

उत्तर
होत नाही. रीडओन्ली लिहायच्या रकान्यांना चालतं: मजकूर, आकडा, तारीख, मोठी चौकट. निवडीची यादी, चेकबॉक्स, रेडिओ बटण यांना ते लागूच पडत नाही. तालुका निवडून झाल्यावर गोठवायचा असेल, तर काटोल किंवा उमरेड जे काही निवडलं असेल ते साध्या मजकुरात दाखवा आणि अर्जासोबत पाठवायचं तालुक्याचं नाव पडद्यावर न दिसणाऱ्या, लपवलेल्या रकान्यात ठेवा.
प्रोग्रामरला आणखी सांगा, डिसेबल्डपुढे ‘फॉल्स’ लिहिलं तरी रकाना बंदच राहतो. ‘डिसेबल्ड’ हा शब्दच काढावा लागतो. आणि वाचण्यापुरता म्हणजे सुरक्षित नव्हे. ब्राउझरची तपासणीची खिडकी उघडून कोणीही तो क्रमांक बदलू शकतो. सर्व्हरवर पुन्हा पडताळा हवाच.

उत्तर
रंगाकडेही लक्ष द्या. सुगम्यतेच्या, म्हणजे अपंगांनाही वेबसाइट वापरता यावी यासाठीच्या, डब्ल्यूसीएजी या आंतरराष्ट्रीय निकषांत साध्या आकाराची अक्षरं आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणात किमान ४.५ : १ इतका फरक मागितलाय. बंद रकान्याला त्यातून सूट आहे, वाचण्यापुरत्याला नाही. दोघांना एकच फिका करडा रंग दिला, तर कमी दिसणाऱ्या पोराला स्वतःचाच क्रमांक वाचता येणार नाही.

प्रश्न
आणि अर्ज भरणाऱ्याला हे शब्द दाखवायचे का?

उत्तर
यादीत ठेवा, पडद्यावर नको. तिथं कारण सांगा. क्रमांकाखाली ‘हा क्रमांक बदलता येत नाही. चूक असल्यास कार्यालयाला कळवा.’ तालुक्यासाठी ‘आधी जिल्हा निवडा’, पण ही सूचना जिल्ह्याच्या रकान्याशी जोडा. स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर) वापरून टॅबनं पुढे जाणाऱ्याला बंद यादी लागतच नाही. तिच्याखालची ओळ त्याच्या कानावर पडेलच असं नाही.